मीटर रूममधली हिरवट बाटली

मुलुंड पूर्वेच्या एका ४२ घरांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी विचारलं आहे. गणपतीनंतर आवारात गुडघाभर गवत माजलं होतं. माळीदादांनी कुठूनतरी 'गवताचं औषध' आणून मारलं आणि दोन दिवसांत सगळं करपून तपकिरी झालं. उरलेलं औषध पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत, मीटर रूमच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. रंग हिरवट-निळा, वास उग्र, मळमळेल असा. माळीदादांच्या बोटांची आग होते आहे आणि नखांवर पांढरे-पिवळे पट्टे आले आहेत. मुलांना खाली खेळायला पाठवायचं का, बाटलीचं काय करायचं आणि पुढच्या पावसाळ्यात गवताचं काय करायचं, हे त्यांचे तीन प्रश्न.

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी खाली जा आणि ती बाटली तिथून हलवा.

हातात जाड रबरी मोजे घाला. बाटली उघडू नका, काय आहे म्हणून वास घेऊ नका. झाकण घट्ट आहे ना एवढं बघा, बाटली झाकणाच्या बादलीत उभी ठेवा आणि भोवती कोरडी वाळू भरा, म्हणजे गळलं तरी वाळूत मुरेल. बाटलीवर आणि बादलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहा : विष, तणनाशक, हात लावू नये. खाली तारीख टाका. मग बादली कुलपाच्या जागी ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या. पंप रूम नको, तिथे पिण्याच्या पाण्याची टाकी असते. वॉचमनची केबिन नको. मीटर रूम तर नकोच, कारण मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांत वॉचमनचा डबा, चपला आणि प्यायच्या पाण्याची बाटली तिथेच असते. दोन सारख्या बाटल्या, अंधारी खोली आणि रात्रपाळीचा पेंगलेला माणूस. मला त्या खोलीचीच भीती वाटते आहे.

आता ते काय असेल ते सांगतो. हिरवट-निळा रंग, घाणेरडा वास आणि दोन दिवसांत करपलेलं गवत, या तिन्ही खुणा पॅराक्वाट या तणनाशकाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे ते 'पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के' म्हणून मिळतं आणि बरेच माळी सगळ्यालाच ग्रामोक्सोन म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ग्लायफोसेट असतं तर रंग पिवळसर, मधासारखा असता आणि गवत हळूहळू पिवळं पडायला आठवडा लागला असता. ग्लुफोसिनेट नावाचं आणखी एक तणनाशक हिरवट-निळं असतं आणि तेही लवकर करपवतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून मी शपथ घेणार नाही. माळीदादांना दुकान विचारा, जुना डबा कुठे टाकला ते विचारा, डबा सापडला तर लेबलचा फोटो काढून ठेवा. नाव नक्की कळेपर्यंत मात्र ते पॅराक्वाटच आहे असं धरून वागायचं.

पॅराक्वाटचा रंग आणि वास मुद्दाम घातलेले असतात. १९६२ साली ते बाजारात आलं तेव्हा ते तपकिरी दिसायचं, कोला किंवा कॉफीसारखं. लोक चुकून प्यायले आणि दगावले. म्हणून पुढे निळा रंग घातला, दुर्गंध घातला, पोटात गेलं तर लगेच उलटी व्हावी म्हणून उलटीचं औषधही घातलं. एवढं करूनही लोक मरत राहिले. स्वित्झर्लंडने ते १९८९ मध्ये बंद केलं, युरोपीय संघात ते २००७ पासून नाही, श्रीलंकेने टप्प्याटप्प्याने काढून टाकलं, आपल्या केरळने २०११ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात ते शेतीसाठी मिळत आलं आहे, पण मंजूर वापर कापूस, बटाटा, चहा, रबर अशा ठरावीक पिकांत. सोसायटीचं आवार त्यात कुठेही बसत नाही.

एक गोष्ट मी कधी कुठे लिहिली नव्हती, ती इथे लिहितो. १९९९ चा मे महिना. दापोलीहून कृषीची पदवी घेऊन मला मुंबईत सहा वर्षं झाली होती. पूर्व उपनगरातल्या एका कारखान्याच्या आवारात पावसाआधी गवत मारायचं काम घेतलं होतं. पाच लिटरचा कॅन लोकलमधून न्यायला जड, म्हणून मी लागेल तेवढं पॅराक्वाट पाण्याच्या बाटलीत ओतून घेतलं. होय, मीच. बाटली पंपाशेजारी ठेवली. माझ्याबरोबर संगमेश्वरकडचा एक मुलगा होता, जेमतेम १९ वर्षांचा. दुपारचं ऊन, घसा कोरडा. त्याने बाटली उचलली, तोंडाला लावली आणि पुढच्याच क्षणी थुंकला. म्हणाला, "साहेब, हे काय कडू!" आम्ही चुळा भरायला लावल्या आणि घशाखाली फार गेलं नसेल अशी स्वतःची समजूत घालून घेतली. हॉस्पिटलात गेलो तो चार तासांनी.

तिथून पुढचे तीन दिवस मला पाठ आहेत. पहिल्या दिवशी उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी जीभ सोलवटल्यासारखी झाली, ओठ सुजले. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, पेज प्यायला आणि मला म्हणाला, सोमवारी कामावर येतो. त्याचे वडील गावाहून आले होते, तेही सुटकेचा श्वास टाकून चहा प्यायला खाली उतरले. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली. सहाव्या दिवसापासून दम लागायला लागला. अकराव्या दिवशी तो गेला, शेवटपर्यंत शुद्धीत.

पॅराक्वाट असंच फसवतं, म्हणून हे सविस्तर सांगितलं. पोटात गेल्यावर आधी तोंड-घसा जळतो, मग मधले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, आणि त्याच दिवसांत आत मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होत असतात. पानावर जे होतं तेच फुप्फुसात होतं. उन्हात पान अन्न तयार करत असताना हे रसायन त्यातली ऊर्जा मध्येच पळवतं, प्राणवायूपासून दाहक कण बनवतं आणि ते कण पेशींची आवरणं फाडतात. आपल्या फुप्फुसाच्या पेशी तर पॅराक्वाट रक्तातून स्वतःकडे ओढून साठवतात आणि तिथे प्राणवायू भरपूर असतो. म्हणून अशा रुग्णाला सरसकट ऑक्सिजन लावला तर नुकसान वाढू शकतं आणि रक्तातलं प्रमाण फारच घसरल्याशिवाय डॉक्टर तो देत नाहीत. आता सांगा, बाटलीवर नावच नसेल तर अपघात विभागातल्या डॉक्टरने हे ठरवायचं कसं? यावर उतारा नाही, आणि जे काही हातात असतं ते पहिल्या तासा-दोन तासांतच असतं.

त्यामुळे माझं सगळं सांगणं एका कृतीपाशी येऊन थांबतं. तणनाशक त्याच्या मूळ डब्यातून दुसऱ्या कुठल्याही बाटलीत कधीही ओतायचं नाही. थोड्या वेळासाठी नाही, जड आहे म्हणून नाही, वर चिठ्ठी लावून नाही. दुकानदारानेही सुटं विकायचं नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे, आणि त्यात बंद, लेबल लावलेल्या पॅकिंगशिवाय विक्रीला मनाई आहे. तुमच्या माळ्याला कोणी सुटं दिलं असेल तर देणारा गुन्हा करत होता.

लेबलबद्दल एक इशारा. डब्यावर चौकटीत रंगाचा त्रिकोण असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पॅराक्वाटवर पिवळा असतो, आणि लाल नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. तो रंग प्रयोगशाळेत उंदरांना किती मात्रेने मरण येतं त्यावरून ठरतो. त्या विषावर उतारा आहे की नाही हे त्रिकोण सांगत नाही. डब्याबरोबर जी घडीची पत्रिका येते, तिच्यात विषबाधेची लक्षणं आणि डॉक्टरांसाठी सूचना असतात. ती कोणी उघडत नाही. तुम्ही उघडा.

आता माळीदादा. नखांवर पांढरे-पिवळे पट्टे येणं, नख सैल होणं, कधी गळून पडणं, हे तीव्र पॅराक्वाट हाताला लागल्याचं ओळखीचं लक्षण आहे. नुसतं तेवढंच असेल तर नवं नख येता येता बरं होतं. धड कातडीतून पॅराक्वाट फारसं आत जात नाही. पण माळ्याचे हात कधी धड असतात का? भेगा, काट्यांचे ओरखडे, नखाशेजारी उकललेली कातडी. तिथून ते जातं, आणि ओल्या शर्टाने तासनतास पाठ भिजली तर तिथूनही जातं. त्यांना आजच, उद्यावर न टाकता, डॉक्टरकडे न्या. 'हाताला ॲलर्जी झाली' असं सांगू नका, 'तणनाशक लागलंय, बहुधा पॅराक्वाट' असं सांगा. रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा, म्हणजे मूत्रपिंडाचं कळेल, आणि छातीचा एक्स-रे लागेल का ते विचारा. धाप लागणं, कोरडा खोकला, लघवी कमी होणं, अंगावर चट्टे किंवा फोड, यातलं काहीही असेल तर दवाखान्यात वेळ न घालवता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात. खर्च सोसायटीने करावा. काम सोसायटीचं होतं आणि त्या माणसाला कोणी साधे हातमोजेही दिले नव्हते.

त्यांना हेही विचारा की नोझल अडकलं तेव्हा काय केलंत. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतले बहुतेक जण सांगतात, तोंडाने फुंकलं. पितळी नोझल काढायचं, ओठांत धरायचं, फू करायचं आणि परत बसवायचं. ही सवय मी असंख्य वेळा पाहिली आहे. त्याऐवजी जुना दातांचा ब्रश किंवा झाडूची काडी पंपाच्या पट्ट्याला बांधून ठेवली की काम होतं. त्या दिवशीचे कपडे घरी एकाच बादलीत मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवले का, तेही विचारा. भांडुप-मुलुंडच्या दहा बाय दहाच्या खोलीत वेगळी बादली कुठून येणार, हे मला कळतं. म्हणूनच कामाचा एक जोड आणि तो धुवायची सोय सोसायटीच्या आवारातच असावी.

मुलांचं. पॅराक्वाट मातीला लागलं की मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटतं की तिथून सहसा सुटत नाही. त्यामुळे आठवड्यापूर्वी मारलेल्या जमिनीवर चप्पल घालून मुलं चालली म्हणून घाबरायचं कारण नाही. माझी काळजी वाळलेल्या गवताची आहे, ते हाताला लागतं, तोंडात जातं. ते मोजे घालून, आधी थोडं पाणी शिंपडून, धूळ न उडवता गोळा करून घ्या. तोपर्यंत मुलं आणि कुत्री-मांजरं तिकडे नकोत, कुत्र्यांना गवत चावायची सवय असते. जाळू नका. आणि देवळापाशी गाय घेऊन बसणाऱ्या बाईंना किंवा तबेल्याला तर ते मुळीच देऊ नका. आपल्याकडे कापलेलं गवत कोणीतरी चांगल्या मनाने गायीला नेऊन देतोच. हे गवत गायीच्या तोंडी जाता कामा नये.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण कुठे आहे तेही बघा. मुंबईच्या बऱ्याच इमारतींत महापालिकेचं पाणी आधी आवारातल्या जमिनीखालच्या टाकीत येतं. झाकण पेव्हर ब्लॉकच्या पातळीवर असतं, कडेला फट असते आणि तिथेच गवत उगवतं. माळी बरोबर तिथेच पंप मारतो. तुमच्याकडे झाकणाजवळ फवारलं असेल तर टाकी उपसून धुऊन घ्या आणि झाकणाची कड बंद करून घ्या. पुढे कधीही, कुठलंही तणनाशक असो, टाकीच्या आसपास चालणार नाही असं वहीत लिहून ठेवा.

आणि भाजी. पहिल्या पावसानंतर आवारात जो टाकळा उगवतो त्याला आपण गवत म्हणतो, पण नॅशनल पार्कच्या पाड्यांवरच्या बायका तीच पानं खुडून मुलुंड-भांडुप स्टेशनाबाहेर जुड्या बांधून विकतात. कुर्डूही तसाच. कुंपणाच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर मारलेलं औषध दुसऱ्या दिवशी कोणाच्या कढईत जाईल हे मारणाऱ्याला कळतही नाही. दोन दिवसांनी पान करपेल हो, पण पहिल्या संध्याकाळी ते हिरवंच दिसतं. कोणी खुडतं अशी शंकाही असेल तर तिथे फवारू नका.

ग्लायफोसेटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सोसायटीच्या पुढच्या सभेत कोणीतरी म्हणेलच, 'मग ते सुरक्षितवालं आणा'. ते १९७४ पासून बाजारात आहे. वनस्पती ज्या रासायनिक वाटेने काही अमिनो आम्लं बनवतात ती वाट ते बंद करतं. आपल्या शरीरात ती वाट नाही, म्हणून पॅराक्वाटच्या तुलनेत ते पुष्कळ सौम्य आहे. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. त्यात पानाला चिकटण्यासाठी साबणासारखे पदार्थ घातलेले असतात, ते डोळ्यांना झोंबतात, पोटात जास्त गेलं तर जीवावर बेततं आणि मासे-बेडकांना मारतात. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'माणसांत बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. अमेरिकेची आणि युरोपची नियामक मंडळं याच्याशी सहमत झाली नाहीत. माझं मत विचाराल तर वाद मिटायची वाट बघत बसण्यापेक्षा संपर्क कमी ठेवावा, त्यात आपलं काही जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावं. तेव्हा माळ्याला पैसे देऊन 'एक लिटर घेऊन ये' म्हणणं बंद करा. ज्याला काम द्याल त्याचा परवाना बघा, त्यावरची तारीख बघा, आणि तो कोणतं रसायन वापरणार ते आधी लेखी घ्या.

मुंबईच्या पावसाचं गणित वेगळं आहे. ग्लायफोसेट मारल्यावर निदान सहा तास पाऊस नको असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सहा तासांची हमी कोण देणार? सर आली की औषध पेव्हरवरून गटारात, गटारातून नाल्यात. मुलुंडचे नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि त्याच खाडीत कोळी बांधव आजही मासे धरतात. भर पावसाळ्यात तणनाशक मारणं म्हणजे पैसे देऊन खाडीत विष सोडणं, असं मी माझ्या गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो. त्यात दोन-तीन कामं गेली, जाऊ देत.

तरीही कधी मारायची वेळ आलीच, तर सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला, वारा पडलेला असताना. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तुषार शेजारच्या बाल्कनीतल्या तुळशीवर जातात. तणनाशकाचा पंप वेगळा हवा, त्यावर तसं रंगवून लिहा. पंप कितीही धुतला तरी तळाशी राहिलेल्या थेंबांनी पुढच्या फवारणीत गुलाब-मोगरा वाकडा होतो, आणि २,४-डी सारखं संप्रेरक जातीचं औषध असेल तर हमखास. नोझल पंख्यासारखा सपाट फवारा देणारं हवं, किडीच्या औषधाचं धुकं उडवणारं नको. दाब कमी, नोझल जमिनीपासून गुडघ्याखाली. औषध ओतताना नायट्राइल किंवा जाड रबराचे मोजे, कापडी मुळीच नकोत, ते औषध पिऊन हाताला लावून ठेवतात. चेहऱ्यावर पारदर्शक शील्ड, पायात गमबूट, पँट गमबुटाच्या बाहेरून, म्हणजे ओघळ बुटात शिरत नाहीत. पंप पाठीवर घेण्याआधी साध्या पाण्याने भरून झाकण आणि वॉशर गळतो का बघा. पाठ ओली होत असेल तर काम तिथेच थांबवा. आणि ग्लायफोसेटचं द्रावण पत्र्याच्या, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत ठेवू नका. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, ठिणगीने पेट घेऊ शकतो. प्लॅस्टिकची बादली वापरा आणि ती पुन्हा दुसऱ्या कामाला घेऊ नका.

२०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत, पण चित्र तेच : उघडं अंग, भर उकाडा, तोंडाला फडकं, हातात काहीच नाही. मुंबईत प्रमाण लहान असतं म्हणून आपल्याला तो प्रश्न आपला वाटत नाही.

चुकून कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, लिंबू, काही नको. लगेच १०८ ला फोन किंवा मिळेल ती रिक्षा-टॅक्सी, आणि बरोबर डबा किंवा लेबलचा फोटो. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलतं. वाटेतून त्यांना फोन लावा आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून द्या. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून पंधरा-वीस मिनिटं नळाच्या हलक्या धारेखाली, घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत थांबतात. अंगावर सांडलं तर कपडे तिथल्या तिथे काढून साबण-पाण्याने आंघोळ, त्या वेळी लाज धरत बसायचं नाही.

पुढचा पावसाळा. तुमच्यासारख्या आवाराला तणनाशकाची गरजच नाही, हे मी हे काम करून पोट भरणारा माणूस सांगतो आहे. पॅराक्वाटने तुमची हरळी आणि लव्हाळा वरवर करपला आहे, मुळं आणि गाठी जिवंत आहेत, तीन आठवड्यांत पुन्हा हिरवं होईल. पेव्हरच्या सांध्यांतली माती मेमध्ये खरवडून काढा आणि सांधे नव्या वाळूने नाहीतर सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरा. निम्मं गवत तिथेच संपतं. उरलेल्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतलं तरी कोवळं गवत मरतं. कुंपणाच्या कडेला महिन्यातून एकदा ब्रश कटर फिरवा. गाजरगवत मात्र जूनच्या अखेरीस, जमीन ओली असताना आणि फूल यायच्या आत, मोजे घालून मुळासकट उपटायचं, कारण त्याच्या स्पर्शाने खाज आणि परागांनी दमा होतो. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलेलं हे गवत आता प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. तिथे टाकळ्याचं बी टाकलं तर टाकळा त्याला पुष्कळ दाबून ठेवतो, शिवाय भाजी होते.

मोबाइलवर फिरणारा मीठ-व्हिनेगरचा उपाय इमारतीशेजारी करू नका. मिठाने माती नासते आणि पायाच्या काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात. समुद्राच्या हवेने त्या आधीच गंजत असतात. छज्जावर उगवलेल्या पिंपळावर ॲसिड ओतणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, ॲसिड सिमेंट खातं आणि पिंपळ परत येतो. रोप लहान असताना कापून, ताज्या कापावर परवानाधारकाकडून ब्रशने तणनाशक लावून घ्यावं, फवारा नाही, आणि मूळ सुकलं की लगेच ती भेग बुजवावी. जमिनीतल्या झाडाचा विचारही याच पद्धतीने करू नका. त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि खोडाला भोकं पाडून विष भरणं हा १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पार्किंगसाठी हे करणारे लोक मी पाहिले आहेत, तुमच्या सभेत कोणी सुचवलं तर तिथेच नाही म्हणा.

राहिली बादलीतली बाटली. संडासात, गटारात, कुंडीत ओतू नका. भंगारवाल्याला देऊ नका, तो बाटली धुऊन विकतो आणि कोणीतरी तिच्यात रॉकेल नाहीतर पाणी भरतो. आधी ज्या दुकानातून आणलं त्याला परत घ्यायला लावा, बिल नसलं तरी जाब विचारा. तो नाही म्हणाला तर परवानाधारक कीड नियंत्रणवाल्याला पैसे देऊन उचलायला सांगा. तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला पत्र द्या. कीटकनाशकांचे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नसतात, ते वेगळे द्यायचे असतात. पत्राची पोच घ्या. हे व्हायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर बादली कुलपातच.

माळीदादांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की आकडा मला कळवा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा करून घ्या. त्यांना दम लागतो का, हे रोज कोणीतरी विचारा.